पुलावरचं मशीन भर पावसातच गप्प का होतं?

ऑगस्टमध्ये सांगलीत रात्री जाग आली की माणूस पाणी प्यायच्या आधी मोबाइल उघडतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट झालं? ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर पाढ्यासारखं पाठ. ग्रुपवर यादी आलेली असते: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर इथला पाऊस, कोयनेतून सोडलेले क्युसेक, कराडला पातळी किती. वाचता वाचता मध्येच एका ठिकाणी आकडाच नसतो. नुसती आडवी रेघ.

मग ग्रुपवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रेंज गेली असेल. दुसरा म्हणतो, मुद्दाम लपवताहेत. पहाटेपर्यंत भांडण चालतं आणि रेघ तशीच राहते.

नदीवरची यंत्रं माझ्या हाताखाली नाहीत. तासगाव आणि मिरज भागातल्या द्राक्षबागांमध्ये लावलेली छोटी हवामान केंद्रं मी सांभाळतो, बंद पडली की बॅग घेऊन निघतो. पण पुलावरचं पातळी मोजणारं यंत्र काय, कोयनेच्या पाणलोटातलं पाऊस मोजणारं यंत्र काय, किंवा बागेतलं आमचं मशीन काय, पोटातला कारभार एकच. आणि पहिला तर्क, ‘रेंज गेली’, हा पुष्कळदा अर्धाच खरा असतो. गेलेली असते यंत्राची भाकरी, म्हणजे वीज, आणि नाव रेंजचं होतं.

आत असतं तरी काय

गावच्या चावडीसारखी व्यवस्था समजा. चार जण आहेत. पहिला बघणारा, म्हणजे सेन्सर: पाऊस, पाण्याची उंची, पानाचा ओलावा बघतो. दुसरा लिहिणारा कारकून, त्याला लॉगर म्हणतात: दर १५ मिनिटांनी किंवा तासाला वहीत आकडा टिपतो. तिसरा निरोप्या, म्हणजे मोडेम: आत सिम कार्ड असलेला एक छोटा मोबाइलच तो, वहीतला आकडा टॉवरमार्फत पोचवतो. चौथी आहे चूल: सोलर पॅनेल, बॅटरी आणि बॅटरीत किती भरायचं हे ठरवणारा चार्ज कंट्रोलर. या सगळ्या खटल्याला टेलिमेट्री म्हणतात, म्हणजे लांबून मोजणं.

चौघांची भूक मात्र सारखी नाही. पाऊस मोजणाऱ्या सेन्सरला तर जवळजवळ काहीच लागत नाही. त्याच्यात एक छोटा झुला असतो, ठराविक पाणी साठलं की तो एका बाजूला कलंडतो आणि एक ‘टिक’ मोजली जाते. बऱ्याच यंत्रांत एक टिक म्हणजे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस. कारकून अर्ध्या भाकरीत दिवस काढतो. निरोप्या मात्र पैलवान आहे. बसून असतो तेव्हा काही मागत नाही, पण उठला की परातभर खातो. पुढची सगळी भानगड याच्या भुकेची आहे.

शून्य वेगळं, रिकामं वेगळं

यादीत ‘०’ दिसलं आणि यादीत ‘—’ दिसलं, तर दोन्हीला लोक ‘मशीन बंद’ म्हणतात. चूक. शून्य म्हणजे चौघेही जिवंत आहेत आणि पाऊस शून्य आहे असं सांगताहेत. ते खोटं असेल तर दोष बघणाऱ्याचा: नरसाळ्यात पाला अडकलाय, चिमणीनं काड्या आणल्यात, नाहीतर झुला कोळ्याच्या जाळ्यात अडकलाय. तिथं बॅटरी बदलून काही उपयोग नाही. हात घालून काडी काढावी लागते.

रेघ म्हणजे निरोपच आला नाही.

कारखान्यांतल्या मंडळींनी हा घोळ फार पूर्वी ओळखला होता. तिथं सेन्सरकडून येणारं माप ४ ते २० मिलीअँपिअर एवढ्या करंटच्या भाषेत पाठवतात. टाकी रिकामी असेल तर ४, भरलेली असेल तर २०. शून्यापासून का नाही सुरुवात केली? कारण वायर तुटली की करंट शून्य होतो. रिकाम्या टाकीलाही शून्य आणि तुटलेल्या वायरीलाही शून्य ठेवलं असतं तर दोघांत फरक कळला नसता. आता ४ आलं तर टाकी रिकामी, काहीच नाही आलं तर वायर बघा. मला ही कल्पना इतकी आवडते की बागेत कुणी ऐकायला तयार असेल त्याला मी ती सांगतोच. पुलाच्या कठड्याखाली बसवलेल्या पातळीच्या सेन्सरांतही ही पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात.

खड्डा नंतर भरला का?

रेघ दिसली की बॅग उचलायच्या आधी मी घरी बसून एकच गोष्ट बघतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर मधल्या तासांचे आकडे मागाहून आले का?

बहुतेक बऱ्या लॉगरमध्ये वही असते. निरोप्या टॉवरपर्यंत पोचला नाही तरी कारकून लिहीत राहतो आणि वाट मोकळी झाली की साठलेलं सगळं एका दमात जातं. म्हणजे रात्री ११ ते पहाटे ५ आलेखात खड्डा होता आणि सकाळी ६ ला तो आपोआप भरला, तर रात्रभर यंत्र जागं होतं. चूल पेटलेली होती. दोष वाटेचा, म्हणजे सिग्नलचा.

खड्डा खड्डाच राहिला, तर कारकूनच बेशुद्ध होता. दोष चुलीचा, म्हणजे पॉवरचा.

एवढ्या एका प्रश्नावर निम्म्या तक्रारींची वाट ठरते. पॉवरच्या खड्ड्यात पडलेला पाऊस कायमचा गेला, हेही इथं लक्षात ठेवायचं. झुला कलंडत होता, पण टिक मोजायला कुणी जागं नव्हतं. म्हणून कधीकधी गावातले ओढे दुथडी वाहत असतात आणि मशीन म्हणतं रात्रभरात १२ मिलिमीटर. लोक म्हणतात मशीन खोटारडं आहे. ते खोटारडं नसतं, उपाशी असतं. जागं होतं तेवढंच सांगतं.

अजून एक खूण. परत सुरू झालेल्या यंत्राच्या आकड्यांवर १ जानेवारी १९७० अशी तारीख असेल तर घाबरू नका. कॉम्प्युटरच्या दुनियेत बरीच घड्याळं त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करतात. याचा अर्थ एवढाच की वीज पार गेली होती, आतल्या बटणाएवढ्या सेलनंही दम सोडला होता आणि घड्याळ विसरलं. हाही पॉवरचाच पुरावा.

व्होल्टेजचा आलेख म्हणजे नाडी

आकड्यांबरोबर बहुतेक यंत्रं आपल्या बॅटरीचं व्होल्टेजही पाठवतात. शेतकऱ्यांच्या अॅपमध्ये ते कुठंतरी तिसऱ्या पानावर दडलेलं असतं आणि कुणी बघत नाही. खरं तर पहिल्या पानावर तेच पाहिजे. वैद्य आधी नाडी धरतो, तसं.

१२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून शांत बसली की साधारण १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ च्या आसपास आली की ती रिकामीच समजायची. ऊन असताना पॅनेल भरत असतं तेव्हा आकडा १४ च्या पुढं जातो. त्यामुळं निरोगी यंत्राचा आलेख रोज एक टेकडी काढतो: सकाळी चढ, दुपारी सपाट माथा, संध्याकाळी उतार आणि रात्रभर अगदी हळू घसरण.

आता आजारी आलेख बघा. दिवसाची टेकडीच नाही, रोज एकेक पायरी खाली, तर बॅटरी ठीक आहे पण पॅनेलकडून येणं बंद आहे. फ्यूज उडाला असेल, वायर उंदरानं खाल्ली असेल, नाहीतर पॅनेलच कुणी नेलं असेल. (हसू नका, दरवर्षी होतं.) किंवा पॅनेलवर सावली आली असेल. सावलीचं गणित लोकांना पटत नाही. ‘एवढंसं पान पडलंय, त्यानं काय होतंय?’ पण लहान पॅनेलमध्ये ३६ सेल एका माळेत ओवलेले असतात. ठिबकच्या नळीवर एका जागी बैलाचा पाय पडला की पुढच्या सगळ्या झाडांचं पाणी बंद होतं ना? तसंच. कावळ्याची एक जाड शीट पॅनेलचं निम्मं काम बंद पाडू शकते.

दुसरा प्रकार उलटा. सकाळी ऊन आलं की व्होल्टेज झपकन १४ ला जातं, सूर्य मावळला की झपकन ११ ला. टेकडी नाही, सुळका. इथं पॅनेल ठणठणीत आहे, बॅटरी म्हातारी झालीय. तिच्यात जागाच उरली नाही. वाटीभर पाणी लगेच भरतं आणि लगेच संपतं, तसं. असं मशीन रोज पहाटे तीनला मरतं आणि नऊला उठून बसतं. मालक म्हणतो, रात्रीची रेंज जाते. दिवसा तपासायला जावं तर सगळं ठीक. एकाच बागेत मी तीन वेळा दिवसा जाऊन हात हलवत परत आलोय, हे सांगायला लाज वाटते, पण शिकलो तिथंच.

लेड-अॅसिड बॅटरीला आपल्याकडचा उन्हाळा मानवत नाही. सतत १० अंश जास्त तापमानात राहिली तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा धंद्यातला ठोकताळा आहे. लोखंडी पेटी, काळा रंग आणि माण-खटावचा एप्रिल: अशा पेटीत बॅटरी ठेवणं म्हणजे तिला तव्यावर ठेवणं.

दोन अँपिअरचा घास

आता निरोप्याच्या भुकेकडं येऊ. जुन्या रेडिओशेजारी मोबाइल ठेवला की फोन वाजायच्या आधी रेडिओ ‘टर्रर्र’ करायचा, आठवतंय? तो आवाज म्हणजे टू-जी फोनचे टॉवरकडं जाणारे हुंदके. टू-जीचा मोबाइल सलग बोलत नाही, सेकंदाला २१७ वेळा अगदी क्षणभर तोंड उघडतो, आणि टॉवर लांब असेल तर त्या प्रत्येक क्षणी दोन अँपिअरपर्यंत करंट मागतो. सरासरी काढली तर आकडा छोटा दिसतो. पण घास मोठा असतो.

बऱ्याच टू-जी मोडेमना ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. समजा १२ व्होल्टच्या बॅटरीतून उतरवून त्याला ३.९ मिळताहेत. वाटेत एक बारीक वायर आहे, एका टोकाला हिरवा गंज चढलाय, दोन्ही मिळून ०.३ ओहम अडथळा. एरवी काही कळत नाही. पण दोन अँपिअरचा घास घेताना २ गुणिले ०.३, म्हणजे ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात. मोडेमपाशी उरतात ३.३. मोडेम बंद. बंद झाला की भार गेला, भार गेला की व्होल्टेज परत ३.९, म्हणून मोडेम पुन्हा सुरू. सुरू झाला की टॉवर शोधायला पूर्ण ताकद लावतो, पुन्हा घास, पुन्हा बंद. रात्रभर हेच. सकाळपर्यंत बॅटरी बसते आणि एकही निरोप गेलेला नसतो.

मेकॅनिक येतो, मल्टीमीटर लावतो, म्हणतो, ‘व्होल्टेज तर बरोबर आहे, रेंजचाच प्रॉब्लेम.’ कारण त्यानं मोजलं तेव्हा मोडेम बसलेला होता. कुंडलच्या मैदानात पैलवान कडेला बसलेला असताना त्याची ताकद कशी कळणार? जोड लागल्यावरच कळते. बॅटरीचंही तसंच: मोडेम निरोप पाठवत असताना मोजायचं, आणि बॅटरीच्या टोकावर न मोजता मोडेमच्या टोकाशी मोजायचं. व्होल्टेज उतरवण्याच्या आधीच्या वायरीत बॅटरीपाशी १२.५ आणि मोडेमकडच्या टोकाला १०.९ असेल, तर चोर मधल्या वायरीत आहे. साधा मीटर क्षणाची बुडी पकडत नाही, हे खरं. अशा वेळी मी जाड, आखूड वायर तात्पुरती जोडून बघतो. मशीन बोलू लागलं की निकाल लागला.

मणेराजुरीच्या बाजूला एका बागेत काका म्हणाले, ‘टॉवर बदला म्हणतोय मी कवापासनं. सिम तरी बदला.’ तीन कंपन्यांची सिम घालून झाली होती. दोष निघाला चिमटीएवढ्या एका थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवतात त्या कडीत. पाना फिरवला, पाऊण फेरा.

रेंज आणि बॅटरी एकमेकांना खातात

इथपर्यंत मी पॉवर आणि सिग्नल वेगळे करून दाखवले, आणि आता सांगतो की ते वेगळे राहत नाहीत.

टॉवर जवळ असेल तर मोडेम कुजबुजतो. लांब असेल तर ओरडतो. ऐकू गेलं नाही तर पुन्हा ओरडतो. म्हणजे रेंज खराब झाली की वीज जास्त जळते. आणि वीज कमी झाली की ओरडायला दम उरत नाही, म्हणून रेंज आणखी खराब दिसते.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. ७ अँपिअर-तासांची बॅटरी, त्यातली निम्मीच वापरायची असा नियम धरू, म्हणजे शिल्लक ३.५. चांगल्या रेंजमध्ये यंत्राचा दिवसाचा खर्च ०.५. लख्ख ऊन असेल तर १० वॉटचं पॅनेल दिवसाला अडीचच्या आसपास देतं, सगळा आनंदी आनंद. आता झड लागली. काळ्याकुट्ट ढगात पॅनेल जेमतेम ०.३ देतं. रोजची तूट ०.२, म्हणजे शिल्लक दोन आठवडे पुरेल. अगदी पुरेल.

पण झडीतच रेंजही खराब झाली तर? मोडेम ओरडून ओरडून खर्च १.४ वर नेतो. जमा तेवढीच, ०.३. तूट १.१. शिल्लक ३.५.

चौथ्या दिवशी संपलं.

पाऊस सुरू होतो तेव्हा यंत्र छान चालतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, नेमकं पाणी चढत असताना, रेघ येते, त्यामागं हे गणित असतं. कुणी लपवत नसतं. आणि जागेप्रमाणं गणित बदलतं. दहिवडीला वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारा संच नवजाच्या धुक्यात पहिल्याच पावसाळ्यात बसू शकतो. सातारा जिल्हा एकच, पण एका टोकाला आभाळ महिनाभर सूर्य दाखवत नाही आणि दुसऱ्या टोकाला पावसाचीच वाट बघावी लागते. दोन्हीकडं एकाच मापाचं पॅनेल लावणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल.

‘पण पावसानं रेंज जातेच की!’

जाते, पण लोक समजतात तशी नाही. डिशचा टीव्ही पावसात अडकतो हे घरोघरी माहीत आहे. त्याच्या लहरी १० गिगाहर्ट्‌झच्या वरच्या असतात, इतक्या बारीक की पावसाचे थेंब त्यांना गिळतात. मोबाइलच्या नेहमीच्या लहरी ९००, १८००, २३०० मेगाहर्ट्‌झच्या. त्या थेंबांपेक्षा इतक्या लांब असतात की धो धो पावसातूनही जवळजवळ तशाच पार होतात.

मग जाते ती का? एक तर टॉवरची लाइट जाते. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, पाण्यात, फीडर बंद. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, पुढं जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ताच नसतो. म्हणजे तिकडंही पॉवरचाच प्रश्न, फक्त दुसऱ्याच्या घरचा. शिवाय पूर आला की सगळं गाव एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतं. त्या गर्दीत मशीनच्या चार आकड्यांना वाट मिळत नाही.

दुसरं कारण आमच्याकडचं खास आहे: ऊस. यंत्र जूनमध्ये बसवलं, चारी बाजूंना नुकतीच मशागत झालेली रानं, रेंज झकास. पुढच्या ऑगस्टला शेजारचा आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला, पानं ओलीचिंब, आणि अँटेना सहा फुटांवर त्या हिरव्या भिंतीआड. ओला पाला सिग्नल पितो. ऊसतोड झाली की रेंज आपोआप परत येते आणि सगळे म्हणतात, टॉवरवाल्यांनी काहीतरी दुरुस्त केलं.

तिसरं कारण अँटेनाच्या जोडात शिरलेलं पाणी. वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्यायचा, म्हणजे थेंब झोक्यावरून गळून पडतो, आत जात नाही. एवढी साधी गोष्ट निम्म्या ठिकाणी केलेली नसते.

रेंज मोजायची कशी?

हातातल्या फोनवर चार काड्या दिसताहेत म्हणून यंत्रालाही रेंज आहे असं नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. तुमचा फोन फोर-जी, यंत्र कदाचित टू-जी. जिओकडं तर टू-जी मुळातच नाही, म्हणजे जुन्या टू-जी मोडेममध्ये ते सिम घातलं तर टॉवरखाली उभं राहूनही उपयोग नाही.

मोडेम स्वतः एक आकडा देतो, ० ते ३१. १० च्या खाली असेल तर काळजी करायची, २० च्या वर असेल तर आराम. ९९ म्हणजे ‘मला मोजताच आलं नाही’, ती खूप भारी रेंज नव्हे. काही यंत्रं उणे आकडे दाखवतात: उणे ७० चांगलं, उणे १०० अशक्त. यात १० चा फरक म्हणजे दहापट फरक, म्हणून उणे ९० आणि उणे १०० हे शेजारी शेजारी दिसले तरी त्यांच्यात लांबचं अंतर आहे.

अँटेना उंच न्यावा हे बरोबर, पण लांब बारीक केबल लावून नेऊ नये. नेहमीची बारीक काळी अँटेना केबल १० मीटर वापरली तर ९०० मेगाहर्ट्‌झला साधारण दोनतृतीयांश सिग्नल केबलमध्येच मुरतो. उंचीनं कमावलं ते वायरीनं खाल्लं. पेटीच वर न्या आणि केबल हातभर ठेवा.

सिमला फोन लावून बघायची युक्तीही फसवी आहे. पाण्याची मोटर चालू करायला मोबाइल स्टार्टरला मिस्ड कॉल देणाऱ्या शेतकऱ्यांना ती सवय असते. ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ ऐकू आलं की रेंज नाही असं धरतात. पण फोन नीट बंद केला तर तो टॉवरला ‘येतो बरं का’ सांगून जातो. बॅटरी अचानक बसली तर न सांगता मरतो, आणि टॉवर बराच वेळ समजतो की हा इथंच कुठंतरी आहे, फक्त सापडत नाही. म्हणजे ‘कव्हरेजबाहेर’ हे वाक्य बसलेल्या बॅटरीचंही असू शकतं. नव्या यंत्रांतल्या १३ आकडी नंबरच्या सिमला तर असा साधा फोन सहसा लागतच नाही.

‘मग थेट लाइट जोडा, मोठी बॅटरी टाका, दोन सिम घाला’

तिन्ही सूचना मला दर आठवड्याला मिळतात. शेतीची लाइट ठराविक तासच असते, पुरात आधी तीच तोडतात, आणि वळवाच्या पावसात वीज पडली की तिच्याच तारेतून यंत्रापर्यंत चालत येते. जिथं चांगली अर्थिंग आहे तिथं जोडीला घ्या, भरवसा ठेवू नका.

मोठी बॅटरी म्हणजे मोठी टाकी. मोटर तीच ठेवून टाकी दुप्पट केली तर पाणी दुप्पट येत नाही. पॅनेलही वाढवावं लागतं.

दोन कंपन्यांची सिम हा चांगला उपाय आहे, पण आधी विचारा की दोघांचा टॉवर एकच तर नाही. बऱ्याच कंपन्या एकाच मनोऱ्यावर भाड्यानं राहतात. मनोऱ्याची लाइट गेली की दोन्ही पाहुणे अंधारात.

राहिला उपग्रह. महत्त्वाच्या नदी-केंद्रांवर तो वापरतात. अँटेना दक्षिणेकडच्या आभाळाकडं रोखलेला दिसतो, कारण उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतो. लहरी ४०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, पावसाला न जुमानणाऱ्या. टॉवर पडला तरी चालतं. चूल मात्र तिथंही लागतेच.

रेघेची किंमत

द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनी या बुरशीच्या रोगाची फवारणी ठरते. मधले सहा तास रिकामे असतील तर अॅप अंदाज बांधतं, आणि शेतकरी एकतर फुकट फवारणी करतो, नाहीतर उशिरा करतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या केंद्राचे आकडे भरपाई ठरवतात. ते केंद्र गप्प असेल तर पर्यायी केंद्र धरण्याची वेळ येते, आणि दहा किलोमीटरवरचा पाऊस आपल्या बागेतला असेलच असं नाही. धरणाचं तर सांगायलाच नको. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. दरवाजे कधी आणि किती उचलायचे हे ठरवताना नवजाला गेल्या तीन तासांत काय पडलं हे कळणं आणि उद्या सकाळी कळणं यात कराड-सांगलीचा फरक पडतो.

म्हणून तक्रार करताना ‘मशीन बंद आहे’ एवढंच लिहू नका. किती वाजता गेलं, किती वाजता आलं, खड्डा भरला का, शेवटचं व्होल्टेज किती होतं, एवढं लिहा. दुरुस्तीवाल्याची एक खेप वाचते, आणि पावसाळ्यात एक खेप म्हणजे दोन दिवस.

‘यापेक्षा माणूस बरा’

पुलाच्या खांबावर रंगवलेली फुटांची पट्टी, आणि टॉर्च घेऊन ती वाचणारा माणूस. त्याला सिम लागत नाही. ही हरकत मला खोडून काढता येत नाही आणि काढायचीही नाही. मोजणारी माणसं अजून आहेत, असायला हवीत. पण पाणलोटातल्या जंगलात रात्री दोनला, दर १५ मिनिटांनी, चार महिने माणूस कुठून आणणार? आणि पट्टीजवळ उभं राहायची जागाच पाण्याखाली गेली तर?

यंत्र तपासायला गेलेला माणूसही आधी पट्टीच बघतो. पट्टी म्हणते ३८ फूट, यंत्र म्हणतं ३८, मग पेटी उघडायची. पट्टी ३८ आणि यंत्र ३६ म्हणत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. तो आजार चुलीचाही नाही आणि वाटेचाही नाही, बघणाऱ्याच्या डोळ्याचा आहे, आणि त्याला वेगळी बॅग लागते.